एका घरातून एकच नाव

सोलापूर,
१२ जानेवारी २०२५

प्रिय रेशू,

फोनवर आपण दोघी बघता बघता भांडायला लागतो म्हणून अव्वाने आईच्या हक्काने घातलेला नियम मी पाळते आहे: कामाचं असेल तर मेल लिहायचा. तर हे कामाचं आहे.

आपल्या समाजाच्या वधू-वर मंडळाचं सगळं काम कॉम्प्युटरवर आणायचं ठरलंय आणि ते माझ्या गळ्यात पडलंय. मंगळवार पेठेत तेलाच्या दुकानावरची ती खोली आठवते ना, जिथे चन्नप्पाकाका मुलांचे निळे आणि मुलींचे गुलाबी फोल्डर लावून बसतात? तीच. मी क्लासमध्ये पोरांना कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे काकांच्या मते मला सगळं येतं. अप्पांच्या मते मात्र आपल्या घरात कॉम्प्युटरमधलं कळणारी एकच आहे आणि ती पुण्यात असते. काल काका आपल्या कापडाच्या दुकानात येऊन माझं कौतुक करून गेले, तर अप्पा म्हणाले, "अडलं तर आमच्या रेश्माला इचारती की ती." चाटी गल्लीत कापड घ्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी तुझा पगार ऐकावा लागतो. मला तुझा हेवा वाटतो, हे तुला ठाऊक आहेच, म्हणून एकदा लिहून मोकळी होते.

आता अडलेलं. मुलींची माहिती एका टेबलात आहे, एका मुलीची एक ओळ. ती ओळ नेमकी कुणाची हे ओळखायला प्रायमरी की लागते, म्हणजे दोन ओळींत कधीच सारखी येणार नाही अशी खूण. फोटोंचं आणि पसंतीचं टेबल त्याच खुणेने या ओळीला जोडायचं. आता ही खूण कोणती घ्यावी? नाव घेता येत नाही. महादेवी पाटील आत्ताच तीन आहेत. नाव आणि जन्मतारीख मिळून घ्यावी, तर खेड्यातल्या निम्म्या लोकांचा जन्म मास्तरांनी एक जूनला लावून टाकलाय. आधार नंबर लोक देत नाहीत, आणि मागायलाही नको वाटतं. काकांच्या रजिस्टरचा नंबर दर पाडव्याला पुन्हा एकपासून सुरू होतो. म्हणून मी मोबाईल नंबर घ्यायचं म्हणते. तुझं मत कळव, थोडक्यात, भाषण नको.

काल गड्ड्याच्या जत्रेत अव्वाने तुझ्यासाठी हिरव्या बांगड्या घेतल्या. माप माझ्या हाताचं घेतलं.

तुझी
श्रीदेवी अक्का


पुणे,
१५ जानेवारी

प्रिय अक्का,

भाषण देत नाही. मोबाईल नंबर प्रायमरी की करू नकोस.

नंबर बदलतो. बदलला की त्याला जोडलेली सगळी टेबलं बदलत बसावं लागतं. आणि एकच नंबर दोघींचा असू शकतो. बाहेरच्या जगात ज्याला काही अर्थ आहे, ते आज ना उद्या हलतं, म्हणून ओळखीची खूण बिनअर्थाची असावी. एक, दोन, तीन असा नंबर कॉम्प्युटरलाच आपोआप देऊ दे. तो कुणाला दाखवायचीही गरज नाही. मोबाईल नंबर साधा रकाना म्हणून ठेव, तो दोन ओळींत सारखा आला तरी चालेल असा. ऐक माझं एवढं.

फॉर्म भरून घेण्याचं काम सगळं तूच करणार की काकाही करतील?

बांगड्या बसतील, आपलं माप एकच आहे. फक्त इथे हातात भरून देणारं कुणी नाही. तुला माझा हेवा वाटतो असं लिहितेस, म्हणून सांगितलं.

तुझी
रेशू


सोलापूर,
१६ फेब्रुवारी

प्रिय रेशू,

तुझा सल्ला वाचला, काकांना वाचून दाखवला, आणि बाजूला ठेवला. मोबाईल नंबरच घेतलाय.

कारण सांगते. आपल्याकडे मुलीचा स्वतःचा नंबर फॉर्मवर कोण देतं? वडिलांचाच देतात. आणि एका घरातून एका वेळी एकच नाव येतं. थोरलीचं ठरल्याशिवाय धाकटीचा फॉर्म कुणी भरत नाही. ही गोष्ट तुझ्या ऑफिसातल्यांना माहीत नसेल, मंडळाला माहीत आहे. भावाबहिणीचं म्हणशील, तर मुलांचं टेबल वेगळं आहे. थोरलीचं झालं की तिची ओळ काढायची आणि त्याच नंबरावर धाकटीची घालायची. नंबर आधीच असला तर कॉम्प्युटर विचारतो, "ही माहिती आधीच आहे, बदलायची का?" काकांना शिकवून ठेवलंय, विचारलं की हो म्हणायचं. लोक पगार वाढला, चष्मा गेला असं सांगत सारखे दुरुस्तीला येतात आणि काका एका बोटाने टाईप करतात.

खरं सांगू? तुझं बरोबर असेलही. पण तू सांगितलंस म्हणून करायचं माझ्या अगदी जिवावर आलं. एवढी एक गोष्ट तरी माझ्या डोक्याने होऊ दे.

पहिली ओळ माझीच घातली, तपासायला म्हणून. फोटो तो गच्चीवरचा, उन्हात डोळे बारीक झालेला. आणि हसू नकोस, अकरा तारखेला मला पसंती आली. अक्कलकोटचा शिवयोगी म्हणून आहे, जनावरांचा डॉक्टर. मंडळात येऊन स्क्रीनवर नुसते फोटो बघत होता, मी क्लासला गेले होते तेव्हा. त्याचा फॉर्म मी नंतर वाचला, कामासाठी एकदा आणि मग उगीचच. अपेक्षा या रकान्यात सगळे सुशिक्षित, गृहकृत्यदक्ष असं लिहितात. त्याने लिहिलंय, "कन्नड येत नसलं तरी चालेल. आईला मराठी शिकायचं आहे." महिन्याच्या बैठकीनंतर काका आपली माहिती छापून त्यांच्याकडे पाठवतील, मग ते अप्पांना फोन करतील. एकतिसाव्या वर्षी माणसाने इतकं हुरळून जाऊ नये, पण तुला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

तुझी अक्का


पुणे,
२० फेब्रुवारी

प्रिय अक्का,

छान वाटलं. खरंच.

पण ती की बदल गं. अजून वेळ गेलेली नाही, थोड्याच ओळी आहेत. तुझा हट्ट म्हणून नाही, माझा हट्ट म्हणून बदल. या आठवड्यातच कर.

बाकी काही नाही. काम खूप आहे. फॉर्मवर आईला मराठी शिकायचं आहे असं लिहिणारा माणूस इथे आमच्या ऑफिसात एकही नाही, हे मात्र मी दिवसभर मनात घोळवते आहे.

तुझी
रेशू


सोलापूर,
१८ मार्च

रेश्मा,

काल टेंभुर्णीहून परत आले. पार्वतम्मा मावशीला कुरडया घालायला माणूस हवंय, असं सांगून अप्पांनी मला शनिवारी एसटीत बसवून दिलं होतं, स्वतः स्टँडवर येऊन. आजवर ते मला सोडायला कधी आले नव्हते. मला बरं वाटलं, ही माझी अक्कल. मावशीने दारातच सांगितलं की कुरडया मागच्या आठवड्यात झाल्या.

घरी आले तर पाहुण्यांचे कप ओट्यावर पालथे घातलेले आणि मोरीतल्या आरशाला तुझी टिकली चिकटलेली. तू रविवारी येऊन गेलीस आणि मला कुणी सांगितलं नाही. अव्वाला विचारलं, तर ती मळून झालेली कणीक परत मळायला लागली.

आज मंडळात गेले तेव्हा काकांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं. अक्कलकोटच्या पाहुण्यांना रेश्मा पसंत पडली म्हणाले. मी कॉम्प्युटर लावून माझं नाव शोधलं. नोंद सापडली नाही. मग अप्पांचा मोबाईल नंबर टाकला तेव्हा ओळ उघडली. नाव रेश्मा, वय सत्तावीस, इंजिनिअर, पुणे, खाली पगार. आणि शेजारी गच्चीवर उन्हात उभी असलेली मी.

मी क्लासला असताना अप्पा तुझा फॉर्म घेऊन आले होते, श्रीदेवीला इतक्यात सांगू नका म्हणाले. काकांनी नंबर टाकला, कॉम्प्युटरने विचारलं, आणि काकांनी मी शिकवल्याप्रमाणे हो म्हटलं. तुझा फोटो मागून येणार होता, म्हणून माझा तसाच राहिला. शिवयोगीची पसंतीही त्या नंबराला जोडलेली होती, ती तुझ्या नावाखाली गेली. काकांनी फोटोकडे न बघताच तो कागद छापला आणि अक्कलकोटला पाठवला. म्हणजे आवडले मी आणि बघायला बोलावलं तुला. आणि हे सगळं मीच बनवलेल्या टेबलात, एका घरातून एका वेळी एकच नाव येतं या माझ्या भरवशावर झालं.

अप्पांना विचारलं. ते गल्ल्याकडे बघत म्हणाले, "तुजं ठरंस्तोवर थांबलो तर तिचं बी वय निघून जाईल की." मी दुकानाची पायरी उतरून तशीच घरी आले.

तुझं तर त्याहून पुढचं. दोनदा मला की बदल म्हणून सांगितलंस. मी समजत होते तू शहाणपणा दाखवतेस. तुला तेव्हाच माहीत होतं. मी तुझं ऐकलं असतं तर दोघींच्या ओळी वेगवेगळ्या राहिल्या असत्या, आणि माझ्या मागे काय चाललंय ते मला कधी कळलंच नसतं. फॉर्म काकाही भरतील का, हेसुद्धा त्यासाठीच विचारलं होतंस.

एकच सांग. माझा फोटो हातात घेऊन आलेल्या माणसांनी तुला बघून काहीच विचारलं नाही?

ती ओळ पुसायला एक बटण पुरे. आज दोनदा हात तिथवर गेला. पुसली असती तर तुझ्याबरोबर माझा फोटोही गेला असता, म्हणून राहिली. तुझी दया आली असं समजू नकोस.

श्रीदेवी


पुणे,
२० मार्च

अक्का,

विचारलं. मी चहाचा ट्रे ठेवला आणि शांतम्मांनी, म्हणजे त्याच्या आईने, पिशवीतून कागद काढला. चष्मा लावून एकदा कागदाकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या, "फोटोत येगळी दिसती की ही." मी वाकून पाहिलं तर तू. काय झालं असेल ते मला तिथेच कळलं, मी दिवसभर हेच काम करते. तेव्हा बोलायला हवं होतं.

मी म्हणाले, "फोटो जुना आहे."

अप्पांनीही कागद पाहिला होता. त्यांनी चहाचा कप पाहुण्यांपुढे सरकवला. शिवयोगी कागदाची घडी घालत, उलगडत बसला होता.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. अप्पांनी दिवाळीतच विचारलं होतं, तुझं नाव घालू का म्हणून. मी नाही म्हणाले नाही. अक्काला कळू देऊ नका, एवढंच म्हणाले. की बदल हा सल्ला कुणालाही दिला असता तरी बरोबरच होता, पण मी तो तुझ्यासाठी दिला नव्हता.

आता माझंही ऐक. तू माझ्या पगाराचा हेवा करतेस, मी कशाचा करते ते कधी विचारलं नाहीस. अव्वाला ताप आला की ती तुझ्या नावाने हाक मारते, हे मी फोनवर ऐकते. घरात सगळं आधी तुझ्या हातात आलं आणि मग माझ्या, सायकलपासून शाळेच्या दप्तरापर्यंत. लग्नसुद्धा तुझं झाल्यावर उरेल ते. इथे मैत्रिणींची मुलं शाळेत जायला लागली आणि मी कुणाला सांगूही शकत नाही की माझं नाव अजून कुठे घातलेलंच नाही, कारण माझी अक्का थांबली आहे. मग तू त्याच्याबद्दल लिहिलंस, ते आईला मराठी शिकायचं आहे वगैरे. मला झोंबलं. हा माणूसही आधी तुलाच सापडला. आणि रविवारी तो समोर बसलेला होता, माझ्या नावाचा कागद हातात घेऊन.

तो मला आवडला. सोडावासा वाटत नाही. तुझ्यासारखंच, एकदा लिहून मोकळी होते.

रेश्मा


सोलापूर,
६ एप्रिल

रेशू,

मी रागातच आहे, पण आधी कामाचं सांगते.

सगळी टेबलं नव्याने केली. आता प्रत्येकीला कॉम्प्युटर आपोआप नंबर देतो. मोबाईल नंबर साधा रकाना आहे, कितीही वेळा येऊ दे. तू सांगितलं होतंस अगदी तसंच केलं, आणि करताना दात-ओठ खाल्ले. आधीच्या ओळींचा भरवसा राहिला नव्हता, म्हणून गुलाबी फोल्डरमधले कागदी फॉर्म काढून एकेक पुन्हा भरला. तेव्हा कळलं की आपल्यासारखी आणखी दोन घरं आहेत, जिथे धाकटीने थोरलीची ओळ खाऊन टाकली होती. म्हणजे गुपचूप फॉर्म भरणारे अप्पा एकटे नाहीत. मला त्याने बरं वाटलं नाही, थोडं हलकं वाटलं.

आणि हेही सांगते. नंबर ज्या क्रमाने भरू त्या क्रमाने पडतो. तुझा फॉर्म मी गठ्ठ्यात सगळ्यात खाली घातला. शेवटचा नंबर तुला. त्याला काही अर्थ नसतो असं तूच म्हणालीस, पण मला तो तुला देताना फार समाधान वाटलं. काकांना नंबर नसलेला कागद कागद वाटत नाही, म्हणून तो सगळ्यात वर ठळक छापतो.

पसंतीच्या टेबलात तारीख होती, अकरा फेब्रुवारी, तुझा फॉर्म येण्याच्या आधीची. ती पसंती माझ्या ओळीला जोडली. अक्कलकोटला फक्त माझाच कागद पाठवायचं माझ्या मनात होतं. काका म्हणाले दोघींचे पाठवू, जिचा तिचा फोटो लावून, आणि घोटाळा कसा झाला ते लिहून. मी तोंड वाकडं केलं आणि छापू दिलं.

गुरुवारी तो आला, आईला घेऊन, घरी नाही, मंडळातच. मी पंख्याखाली बसून घामाघूम. तो म्हणाला, "त्या दिवशी तुमच्या बहिणीने सांगितलं, फोटो जुना आहे. मी घरी जाईपर्यंत विचार करत होतो. जुन्या फोटोत माणूस मोठं आणि आता लहान कसं दिसेल?" मी तुझ्यापेक्षा थोराड दिसते हे त्याने आल्या आल्या सांगितलं. मला हसू आलं आणि ते त्याला दिसलं. मग म्हणाला, "मी उन्हात उभ्या असलेल्या बाईंना हो म्हटलं होतं. त्या कुठे होत्या?"

मी म्हटलं, "टेंभुर्णीला."

शांतम्मांनी तुझी चौकशी केली. पोरगी गोड आहे, पण आमी बघितला तो फोटो हिचा, असं काकांना कन्नडमध्ये सांगत होत्या, मला कळत नाही असं समजून.

मी लगेच हो म्हटलं नाही. थोडे दिवस बोलू म्हटलं. तो गेल्यावर माझ्या ओळीतला अप्पांचा नंबर काढून माझा घातला. तुझ्या ओळीतही तुझा घालायचा का, ते कळव. अप्पांशी मी कामापुरतंच बोलते. ते मात्र गिऱ्हाइकाला आता जनावरांच्या डॉक्टरचं सांगायला लागलेत.

तुला तो आवडला होता हे वाचून मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे असं काही आहे, जे तुला हवंय.

अक्का


पुणे,
१० एप्रिल

अक्का,

माझ्या ओळीत माझाच नंबर घाल.

मला त्याचा राग येत नाही, तुझा येतो. त्या दिवशी मी तासभर साडी नेसत होते, आणि तू डोळे बारीक करून उभी आहेस अशा एका फोटोवर जिंकलीस. त्याला हो म्हणायला उशीर लावू नकोस. माझ्यासाठी थांबतेस असं कुणाला वाटायला नको, मला तर मुळीच नको.

काकांनी घरी दिलेल्या दोन्ही कागदांचे फोटो अव्वाने मला पाठवले. माझा नंबर चारशे बारा. सगळ्यात शेवटचा, तू बोललेलं करतेस. मग तुझा कागद बघितला. मला खात्री होती की तू स्वतःला एक नंबर दिला असशील. सगळा गठ्ठा तुझ्या हातात होता, मंडळ तुझं, राग तुझा, आणि पहिल्या वेळी पहिली ओळही तुझीच होती.

चारशे अकरा.

मला शेवटी टाकलंस ते कळलं, अक्का. पण तू तिथे माझ्याजवळ कशाला येऊन बसलीस? रविवारी घरी येते, तेव्हा सांग. फोनवर नको, भांडण होईल.

तुझी
रेशू